पन्नास वाघिणींचा तलाव: पाणी गाळण्याचा इतिहास, लातूर-नांदेडहून

तुम्ही हे वाचताय म्हणजे आजचा भाग ऐकायला वेळ मिळालेला नाही, किंवा ऐकताना मध्येच रेंज गेली. हरकत नाही. माइकसमोर जे बोललो तेच इथे आहे, फक्त माझं अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

सुरुवात एका गुणाकाराने करू. ऑलिम्पिकमध्ये असतो तसा पोहण्याचा तलाव घ्या. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल. किती झाले? २,५०० घनमीटर. म्हणजे २५ लाख लिटर पाणी. हा आकडा जरा बाजूला ठेवा.

आता एप्रिल २०१६ मध्ये चला. आमचं लातूर. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती, त्या वर्षी ती नळाला दिसली. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून मार्चमध्येच कलम १४४ लागलं होतं. मग मिरजेहून रेल्वेने पाणी निघालं. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याला आतून वाफेने धुऊन आणलेल्या. काही दिवसांनी गाडी मोठी झाली. ५० वाघिणी, २५ लाख लिटर.

बाजूला ठेवलेला आकडा आठवा. ऑलिम्पिकचा एक तलाव म्हणजे ती अख्खी पन्नास वाघिणींची गाडी.

हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा घरातल्या पाण्याच्या रांगेत नव्हतो. काही वर्षांनंतर नांदेडमध्ये एका तलावावर रात्रपाळीला कामाला होतो, आणि एक तलाव नुकताच माझ्या चुकीमुळे नाल्यात गेला होता. ती गोष्ट पुढे सांगतो. पण त्याआधी प्रश्न असा, की तलावातलं पाणी महिनोन्‌महिने तेच कसं ठेवतात? उत्तर एका शब्दात आहे: फिल्टर. आणि या फिल्टरचा इतिहास आपल्या गावच्या बारवेपासून सुरू करता येतो.

मामा, भोपळा आणि विहीर

मी पोहायला शिकलो ते औशाजवळच्या आमच्या आजोळी, मामाच्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि मामा मागून ढकलायचा. "आधी पोह, मंग भी," एवढंच त्याचं कोचिंग. कुणाकडे भोपळा नसेल तर पत्र्याचा रिकामा डबा, नाहीतर ट्रॅक्टरची ट्यूब. मराठवाड्यातल्या तीन-चार पिढ्या अशाच शिकल्या असतील.

त्या विहिरीला फिल्टर नव्हता. पण तिथे पोहणारं एक पोर आणि पाण्याचं प्रमाण बघा. पावसाळ्यात विहीर भरायची, मोटर चालू झाली की उपसा व्हायचा, झऱ्याने नवं पाणी यायचं. पाणी सतत बदलत होतं. त्यामुळे तीच विहीर चालून गेली.

नेहमीच चालून गेली असं मात्र नाही. इथे एक जुना आजार आठवावा लागतो, जो आज तुमच्यापैकी बहुतेकांनी नावानेही ऐकला नसेल. नारू.

नारू आणि लुगड्याची घडी

मराठवाड्यात पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ. बारवा म्हणतो आपण. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव, चारठाण्याची बारव, इन्स्टावर तुम्ही फोटो पाहिले असतील. सुंदर बांधकाम, शंका नाही. पण पायऱ्या असल्या की माणूस थेट पाण्यात उतरतो. नारूला नेमकं तेच हवं असायचं.

नारू हा लांबलचक जंत. रोग्याच्या पायावर फोड येतो, आग आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि त्या क्षणी जंत हजारो अळ्या पाण्यात सोडतो. त्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातात. ते पाणी कुणी प्यायलं की साधारण वर्षभराने त्याच्या पायातून नवा नारू बाहेर. म्हणजे ज्या पाण्यात पाय धुतले, पोहलो, तेच प्यायलो, ही साखळी.

ती तोडायला औषधाची गोळी नव्हती, लसही नव्हती. होतं ते कापड. दुहेरी घडी करून घागरीच्या तोंडाला बांधलेलं कापड सायक्लॉप्सला अडवतं. आमची आजी लुगड्याच्या जुनेराची घडी केल्याशिवाय घागर बुडवत नसे. आम्हाला वाटायचं, सोवळं आहे. ते सोवळं नव्हतं, फिल्टर होता.

१९८३-८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पाणी गाळून प्या, नारूच्या रोग्याने पाण्यात उतरू नये, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा किंवा त्यांचे आड करा, गावात हापसे बसवा. महाराष्ट्र या रोगाच्या राज्यांपैकी एक होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. एवढा मोठा रोग, आणि त्याच्या पराभवात एका घडी घातलेल्या कापडाचा मोठा वाटा.

कापडाची ताकद कमी समजू नका. बांगलादेशात संशोधकांनी खेड्यातल्या बायकांना जुन्या सुती साडीची चार वेळा घडी घालून पाणी गाळायला सांगितलं. तिथे पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. २००३ साली हे निष्कर्ष छापून आले. जुनीच साडी का? कारण धुऊन धुऊन सूत फुगतं आणि विणीतली भोकं बारीक होतात.

पण कापडालाही मर्यादा आहे. चार घड्यांच्या साडीतून साधारण २० मायक्रॉनपेक्षा मोठं ते अडकतं. तुमच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन. आवेचा, म्हणजे अमीबाच्या आमांशाचा जंतू कवच घालून बसतो तेव्हा १० ते १५ मायक्रॉनचा असतो. तो साडीतून निसटतो. त्याला अडवायला कापडावर आणखी काहीतरी लागणार होतं. ते सापडलं जर्मनीत, आणि सापडलं ते भलत्याच कामासाठी.

डायनामाइटवाली माती

समुद्रात, तळ्यात डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ असतं. प्रत्येक पेशीभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं कवच. त्यावर जाळीसारखी बारीक भोकं. पेशी मरते, कवच तळाशी बसतं. लाखो वर्षं असे थर साचले की तयार होते पांढरी, पिठासारखी हलकी माती. डायटोमेशियस अर्थ. तलावावरची माणसं तिला नुसतं "डी.ई." किंवा "पावडर" म्हणतात.

या मातीत पोकळी एवढी असते की ती द्रव शोषून धरते. आल्फ्रेड नोबेलने तिच्यात नायट्रोग्लिसरीन मुरवलं. हातात धरायला भीती वाटावी असं ते रसायन त्यामुळे नेता-आणता येण्याजोगं झालं. १८६७ मध्ये त्याने पेटंट घेतलं. तेच डायनामाइट.

मग १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकी पसरली. हॅम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता प्यायचं. त्याला लागूनच, नदीच्या खालच्या अंगाला आल्टोना शहर. तिथे तर हॅम्बुर्गची घाणही वाहत यायची. पण आल्टोना तेच पाणी वाळूच्या थरातून संथ गाळून प्यायचं. हॅम्बुर्गात साडेआठ हजारांवर माणसं गेली. आल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. काही ठिकाणी तर एकाच रस्त्याच्या एका बाजूला पटकी, दुसऱ्या बाजूला नाही. पटकीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखने हे सगळं लिहून ठेवलंय. पाणी गाळणं हा चोखंदळपणा नाही, जीव वाचवणं आहे, हे त्यानंतर वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

त्याच सुमारास, जर्मनीतच, विल्हेल्म बर्केफेल्ड नावाच्या माणसाकडे या पांढऱ्या मातीची खाण होती. त्याने ती भाजून पोकळ नळ्या केल्या. बाहेर गढूळ पाणी, आत झिरपून आलेलं स्वच्छ. ओळखीचं वाटतंय? आरओ यायच्या आधी आपल्या ओट्यावर स्टीलचा दोन डब्यांचा फिल्टर असायचा, त्यात पांढऱ्या कँडल असायच्या. त्या याच घराण्यातल्या.

आणि आवेचा जंतू? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला उष्ण प्रदेशात आवेने हैराण केलं. नेहमीच्या क्लोरीनला तो कवचधारी जंतू दाद देत नव्हता. वाळूचे मोठे फिल्टर आघाडीवर नेणं शक्य नव्हतं. तेव्हा लहान, उचलून नेता येणारे डी.ई. फिल्टर तयार केले गेले. युद्धानंतर हीच पद्धत पोहण्याच्या तलावांवर रुळली.

वस्त्रगाळ, पण उलटं

आयुर्वेदाच्या दुकानात "वस्त्रगाळ चूर्ण" लिहिलेलं असतं. म्हणजे पूड कापडातून चाळून काढलेली. डी.ई. फिल्टर म्हणजे हेच, पण उलट बाजूने. इथे पूड कापडावर बसते आणि पाणी त्यातून जातं.

एक बंद टाकी. आत प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांवर कापड ताणलेलं. त्यांना ग्रिड म्हणतात. पंप चालू असताना पावडर बादलीत पाण्यात कालवून आत सोडायची. पाण्याबरोबर ती जाऊन कापडावर सारखी चिकटते. एका चौरस मीटर कापडाला साधारण अर्धा किलो. थर होतो दीड-दोन मिलिमीटर, पापडापेक्षा थोडा जाड. खरं गाळण्याचं काम हा थर करतो, कापड नुसतं त्याला धरून ठेवतं. वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतची घाण धरतो. हा ३ ते ५ पर्यंत जातो.

आपल्याकडे बहुतेक तलावांवर वाळूचेच फिल्टर असतात. वाळू वर्षानुवर्षं चालते, माणूस थोडा बेफिकीर असला तरी ती सांभाळून घेते. डी.ई. तसं सांभाळून घेत नाही. हे मी शिकलो ते असं.

माझी रात्र

नांदेडचा तो तलाव २५ मीटर लांब, १० मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे पावणेचार लाख लिटर. लातूरच्या पहिल्या गाडीच्या हिशेबात साडेसात वाघिणी. तिथे शेजारी-शेजारी डी.ई.च्या तीन टाक्या होत्या आणि त्या सांभाळणारे एक काका. काकांनी टाकीवर खडूने लिहून ठेवलं होतं: स्वच्छ असतानाचं प्रेशर इतकं. मीटरचा काटा त्याच्या वर ८ ते १० पीएसआय गेला, की समजायचं थर भरला. मग बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून जुनी पावडर घाणीसकट बाहेर काढायची. आणि लगेच नवी पावडर. "लगेच" या शब्दावर काका दोनदा जोर द्यायचे.

मे महिना. काका लग्नाला गावी गेलेले. रात्री काटा वर गेला, मी बॅकवॉश केला. पोत्यात हात घातला तर पावडर संपलेली. म्हटलं, सकाळी दुकान उघडल्यावर आणू, पंप कशाला बंद ठेवायचा? चालू ठेवला.

पावडर नसताना घाण थेट कापडात शिरते. आणि आपल्याकडच्या तलावात घाण म्हणजे नुसती धूळ नाही, खोबरेल तेल! सुट्टीतली पन्नास पोरं, आईने चापून तेल लावून पाठवलेली. ते तेल कापडाच्या विणीत बसलं. सकाळपर्यंत काटा टोकाला, पाण्याचा प्रवाह जवळजवळ बंद. मी नवी पावडर टाकली, उपयोग शून्य. प्रवाह नाही म्हणून क्लोरीन फिरेना. ४३ डिग्रीचं ऊन. दोन दिवसांत पाणी हिरवं.

वरून हुकूम आला: रिकामा करा, सोमवारी बॅच आहे. मी व्हॉल्व्ह उघडला. रात्रभर ते पाणी नाल्याला जात होतं आणि मी पायरीवर बसून होतो. मग टँकर सुरू झाले. दहा-दहा हजार लिटरचे. मी मोजले. ३८.

काका परतले. ओरडले नाहीत. रिकाम्या तलावात भरत असलेल्या पाण्याकडे बघून म्हणाले, "कामून रिकामा केला बे? हिरवं पाणी मेलेलं नस्तं." मग समजावलं: ग्रिड काढून धुवायच्या, तळ आणि भिंती ब्रशने घासायच्या, क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा, पंप रात्रंदिवस चालवायचा, काटा चढला की बॅकवॉश, पुन्हा पावडर. तीन-चार दिवसांत तेच पाणी निवळलं असतं. पाच पोती पावडर लागली असती फार तर. ३८ टँकर नाही.

"निवळणे" हा शब्द मला त्या दिवशी नव्याने ऐकू आला. निवळी नावाचं झाडच आहे आपल्याकडे. त्याची बी मडक्याच्या आत उगाळली की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो. पाणी फेकून न देता वाट बघायची, ही अक्कल आपल्या शब्दात होती. माझ्यात नव्हती.

काकांची वही

त्यानंतर काकांनी मला सगळं हातात धरून शिकवलं. तुमच्या सोसायटीत, हॉस्टेलवर असा फिल्टर असेल तर हे लक्षात ठेवा.

टाकी उघडण्याआधी पंप बंद, मग वरचा हवेचा व्हॉल्व्ह सोडून काटा शून्यावर. दाबाखालची टाकी उघडताना झाकण उडून माणसं जबर जखमी झालेली आहेत. पावडर ओतताना तोंडाला चांगला मास्क. तलावाची पावडर भाजलेली असते, तिच्या बारीक धुळीतलं सिलिका फुप्फुसात बसतं. म्हणून ती आधी पाण्यात कालवायची, वाऱ्यावर झटकायची नाही.

वर्षातून एक-दोनदा ग्रिड बाहेर काढून पाइपने धुवायच्या. तलावात पाणी परत येतं त्या तोंडाशी पांढरा धूर दिसला, तर समजायचं कुठेतरी कापड फाटलंय. आपलं बोअरचं पाणी जड, त्यामुळे कापडावर क्षाराचा पांढरा थर चढतो. तो सौम्य ॲसिडने निघतो, पण आधी तेल काढायच्या साबणाने धुवायचं, नाहीतर तेल आणखी घट्ट बसतं. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. बॅकवॉशचं पाणी थेट गटारात नको, पावडर साचून गटार तुंबतं. वेगळ्या हौदात सोडा, पावडर तळाशी बसू द्या, वरचं पाणी क्लोरीन उडाल्यावर झाडांना चालतं.

बाकी काकांची वही होती. रोज दोन नोंदी. मीटरचा काटा आणि पाण्याची पातळी. पातळी कशाला, म्हणून मी विचारलं. तर त्यांनी हिशेब मांडला. बॅकवॉशला तीन मिनिटांत साधारण ३,००० लिटर जातात, तेही काही दिवसांनी एकदा. आणि मे महिन्याच्या उन्हात त्या तलावाची पातळी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास उतरते. २५० चौरस मीटर गुणिले एक सेंटीमीटर, २,५०० लिटर. रोज! फिल्टर कितीही चांगला असू द्या, वर आच्छादन नसेल तर पाणी आभाळात जातं. काकांनी मागे लागून रात्री झाकायला ताडपत्री मागवली. तलावावरची सगळ्यात कामाची वस्तू तीच ठरली.

मग तलाव हवेत का?

२०१६ च्या रांगेत उभा राहिलेला मी या प्रश्नावर आधी पटकन "नको" म्हणायचो. आता मामाच्या विहिरीकडे बघतो. तिच्यात गेली कित्येक वर्षं पोहण्याइतकं पाणी नाही. बोअर खोल गेले, विहिरीचा झरा वर राहिला. मामाची नातवंडं गोदावरीच्या काठाला गेली की मामा त्यांचा हात सोडत नाही. ज्याने मला ढकललं, त्याच्याच घरातल्या पोरांना पोहता येत नाही. त्यांना शिकवायची जागा आता तलावच.

तेव्हा तलाव असावा, पण तिथे एक वही असावी, खडूने लिहिलेला एक आकडा असावा, आणि तो रोज वाचणारं माणूस असावं. त्या माणसाला पगारही बरा द्या. लाखो लिटर पाणी त्याच्या एका रात्रीच्या आळसावर अवलंबून असतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

तुमच्या गावच्या विहिरीत कोण कोण पोहायला शिकलं, आणि आज त्या विहिरीत पाणी आहे का? आजीला, मामाला विचारा, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढचा भाग त्या आवाजांचाच करू.